हळदीतला शिंपी

आमच्या मागीलदारी एक पाखरू आहे. वजन सुपारीएवढं आणि आवाज पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवल्यासारखा. पुस्तकात त्याला शिंपी म्हणतात, कारण ते मोठं पान दुमडून, त्याच्या कडा कापसाच्या नाहीतर कोळ्याच्या धाग्यानं शिवून आत घरटं करतं. आमच्या गावात त्याला नाव नाही. घार, कावळा, मोर यांना नावं आहेत, उरलेली सगळी बारकी पाखरं. पाठ शेवाळी, डोक्यावर तांबूस टोपी आणि शेपटी कायम वर.

भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. शेजारचा बोका आमच्या जास्वंदीखाली दबा धरून बसला की हे त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर येऊन त्याची अशी खरडपट्टी काढतं की तो कंटाळून उठून जातो. भारद्वाज दिसला की आम्ही शकुन झाला म्हणून हात जोडतो, आणि हे त्याच्या पाठीवर चोची मारत त्याला कुंपणापार नेऊन सोडतं. माणसाचं तर विचारूच नका. निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदाच सकाळी निवांत मागच्या पायरीवर दात घासायला बसलो, तर समोरच्या फांदीवरून यानं मला सलग दहा मिनिटं झापलं. मी तोंडातला फेस थुंकून म्हटलं, "घर कुणाचं हाय रे, तुझं का माझं?"

आतून बायको म्हणाली, "त्याचंच हाय. तुमी कवा होतात घरात?"

तिचं बरोबर होतं. एकतीस वर्षं मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या केल्या. आमचं गाव तुडीलच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. कंपनीची बस फाट्यावर यायची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असतं, पण दिवस काही त्याच्यासाठी गप्प बसत नाही. गिरण चालू असते, कोंबड्या केकाटतात, आणि आमच्या घरात तर बायको. ती शिवथरच्या खोऱ्यातल्या एका वाडीची. तिकडे या डोंगराच्या माणसाला त्या डोंगरावरून हाक मारायची सवय, ती सवय घेऊनच ती इथे नांदायला आली. एकदा तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की फाट्यावर बसची वाट बघत उभ्या असलेल्यांनाही कळायचं, आज माझं काय चुकलं ते. डबा न धुता ठेवला, चपला दारात आडव्या काढल्या, गोठ्याचं दार उघडं टाकलं, कशालाच माफी नव्हती. खोटं तर तिच्यापुढे टिकतच नसे. एकदा पाळी सुटल्यावर मी परस्पर महाडच्या बाजारात जाऊन भजी खाल्ली आणि घरी येऊन म्हटलं, बस उशिरा आली. ती चुलीपुढून मानही न वळवता म्हणाली, "बशीला भज्यांचा वास कवापासून यायला लागला?"

मी काय केलं, तर कान बंद करायला शिकलो. ते खरंच शिकावं लागतं. पाच-सहा वर्षांत मी असा तयार झालो की ती उशाशी उभी राहून बोलत असली तरी मला डुलकी लागायची. बसमध्ये सोबत्यांना मी हे फुशारकीनं सांगत असे, आणि ते हसत, कारण त्यांच्यातले बरेच जण हेच शिकले होते.

पौषात एका सकाळी ती चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आधी महाडला नेलं, तिथून मुंबईला. मुलाकडे दीड महिना राहून आम्ही परत आलो. डोकं अगदी शाबूत होतं. सगळं कळत होतं, बाहेर मात्र काही येत नव्हतं. तोंडातून एक 'आँ' निघायचा, तोही कष्टानं. घर इतकं शांत झालं की मला झोप लागेना. दुपारी मी आडवा व्हायचो आणि छताकडे बघत राहायचो.

व्यायाम करून घ्यायला महाडहून एक बाई आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून यायच्या. वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काकूंना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"भांडायला," मी म्हटलं. मला वाटलं, हसतील.

त्या हसल्या नाहीत. "मग भांडू द्या त्यांना. चिडल्या की बोलायची धडपड करतील, आणि त्या धडपडीतूनच शब्द येतात. त्या चिडताहेत तोवर आशा आहे, काका. चिडायच्या थांबल्या तर मात्र मला लगेच फोन करा."

खोलीत पडून भिंतीवर चिडणार तरी किती? म्हणून मी तिची खाट मागच्या खिडकीशी लावली. तिथून जास्वंद दिसते, विहिरीकडची वाट दिसते आणि हळदीचा वाफा दिसतो. हळद त्या साली माजली होती. दरवर्षी पौष-माघात तीच हळदीचे कांदे खणून काढायची. या वर्षी कुणी खणलेच नाहीत, त्यामुळे पावसाआधीच कोंब वर आले आणि आषाढात पानं कमरेला लागायला लागली.

आणि ते पाखरू खिडकीत आलं. गजातून सरळ आत. तिच्या उशीचे टाके एका कोपऱ्यात उसवले होते, तिथून कापूस डोकावत होता. पहिल्या दिवशी ते गजावर बसून तिच्याकडे बघत ओरडलं. दुसऱ्या दिवशी उशीवर उतरलं, तिच्या कानापासून चार बोटांवर, आणि कापसाची बट ओढून उडून गेलं. ती हसली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण ते हसणंच होतं. मी सुईदोरा घेऊन टाका घालायला गेलो, तर तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटावर असा फटका मारला की सुई खाटेखाली गेली. आठवड्याभरात उशीचा तो कोपरा रिकामा झाला. व्यायामाच्या बाईंना मी मनगट दाखवलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

त्यानंतर ती सुधारत गेली. 'आँ'चे दोन-तीन प्रकार झाले. रागाचा वेगळा, हाकेचा वेगळा. आषाढ सरता सरता एका सकाळी मी दुधाचा पेला पुढे केला आणि तिनं मान फिरवून म्हटलं, "नाय."

सहा महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो 'नाय'. मी पेला खाली ठेवून बाहेर गेलो आणि पायरीवर बसून रडलो. मग आत येऊन तिला मुद्दाम चार वेळा दूध विचारलं. चारही वेळा 'नाय' मिळाला. मुलाला फोन लावून ऐकवला. शेजारच्या वहिनी तिला आंघोळ घालायला यायच्या, त्यांनाही ऐकवला. मला तेव्हा अगदी पक्कं वाटलं होतं की दिवाळीपर्यंत ही मला पुन्हा पहिल्यासारखी फाडून खाणार.

त्याच दिवसांत ती डावा हात उचलून सारखी हळदीकडे बोट दाखवायची. सकाळी, दुपारी, मी खोलीत आलो की लगेच. मला वाटलं, कांदे खणले नाहीत म्हणून तिचा जीव तुटतोय. मी म्हणायचो, "खणतो गो. पाऊस सरू दे, सगळी हळद काढतो." ती खाटेवर मूठ आपटायची, आणि मी चिडली म्हणून खूश होऊन पेपर उघडायचो. ती त्या पाखराच्या येण्याजाण्याकडे बोट दाखवत होती आणि मी तिला कांद्यांबद्दल सांगत होतो. एकदा जाऊन बघायला किती वेळ लागला असता? वाफा खिडकीपासून वीस पावलांवर आहे.

नागपंचमी आली. आमच्याकडे नागपंचमीला काही चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही. विळी-विळे आदल्या दिवशीच उचलून ठेवायचे. म्हणून त्या दिवशी खायचं ते वाफेवरचं. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, गूळ-खोबरं पसरायचं, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. हे पातोळे म्हणजे तिचा जीव की प्राण. पानं अर्थात आदल्या दिवशी कापून ठेवायची, आणि तीही दिवेलागणीच्या आत, कारण त्यानंतर झाडाला हात लावत नाहीत. हे काम दरवर्षी माझं. तिचं काम मागच्या दारात उभं राहून ओरडायचं. "भायेरची घ्या! कोवळी कशाला मारताव? एका गड्ड्याची दोनच!" लग्न झाल्यापासून एकही वर्ष हे चुकलं नव्हतं.

या वर्षी पातोळे मीच करायचे ठरवलं. बाईंनी सांगितलं होतं, मऊ आणि आवडीचं काहीतरी भरवा. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी देते ना करून." मी म्हटलं, एकतीस वर्षं कंपनीत एवढाले रिॲक्टर चालवले, मला पातोळे जमणार नाहीत होय? त्या मान हलवत गेल्या.

आदल्या दिवशी तिची औषधं आणि गूळ आणायला महाडला गेलो. परतीची एसटी आली नाही, मग सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत बसून राहिलो. गावात पोचलो तेव्हा पाऊस धो धो पडत होता आणि उजेड संपत आला होता. पिशवी पायरीवर टाकली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली, विळा उचलला आणि वाफ्यात शिरलो. निवडायला वेळ नव्हता. डाव्या मुठीत मावतील तेवढे देठ धरायचे आणि विळा ओढायचा.

पाखरू लगेच आलं. आधी कुंपणावरून ओरडलं, मग खोळीवर येऊन आपटलं, मग हातावर. पाऊस त्याला थपडा मारत होता, तरी ते फिरून फिरून येत होतं. एकदा मनगटावर चोच बसली. मी हात झटकला. मनात म्हटलं, झालं याचं सुरू. बोक्याला ओरडतं, भारद्वाजाला ओरडतं, दात घासणाऱ्यालाही ओरडतं, त्यात विशेष ते काय?

तेवढ्यात खिडकीतून ती ओरडली. "आँ" नव्हे. "नाय! नाय!" पावसातूनही स्वच्छ ऐकू आलं, अगदी जुन्या आवाजात. मी वळून बघितलं. ती डाव्या हातानं गज धरून अर्धी उठली होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वाटलं, आली माझी बाय परत. पानांवरून भांडतेय. मी मोठ्यानं म्हटलं, "कळतंय गो मला! भायेरचीच तोडतोय. गप ऱ्हा जरा!" आणि विळा ओढला.

दोघंही जीव तोडून सांगत होती, आणि मी दोघांनाही नेहमीचंच धरून चाललो.

आत येऊन पानं धुवायला घेतली तेव्हा दोन पानं एकमेकांपासून सुटेनात. कडेनं बारीक टाके होते. उलगडून बघितलं तर आत आमच्या उशीचा कापूस, आणि कापसात तीन पिल्लं. उघडी, गुलाबी, डोळे न उघडलेली. एक माझ्या मुठीत चेपलं गेलं होतं. दोघांच्या चोची वर होऊन उघडझाप करत होत्या. मग तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तसाच पळत बाहेर गेलो, आणि उरलेल्या गड्ड्याच्या देठांना ती पानं बांधली. वर प्लास्टिकचा तुकडा बांधला. ओल्या देठांवर गाठी बसत नव्हत्या. मी अजून दोरा धरूनच उभा होतो तेवढ्यात ते पाखरू आलं. चोचीत हिरवी अळी. माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर देठाला लटकलं, माझ्याकडे बघून एकदा ओरडलं आणि मान आत घालून पिल्लाला भरवलं. ज्यानं घर कापलं तोच समोर उभा, तरी ते आलं. मी त्या चिखलात उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

आत गेलो तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. अंग घामानं भिजलेलं. मी म्हटलं, "काय नाय झालं गो. घरटं हाय तसं बांधलंय. बरी हायत पिल्लं." तिनं डोळे मिटले.

कापलेलं पान किती टिकणार? रात्रभर पाऊस होता. नागपंचमीला सकाळी बघितलं तर पानं लोळागोळा होऊन टाके उसवले होते, आणि दोन्ही पिल्लं खाली चिखलात पडली होती. त्या दिवशी खणत नाहीत, म्हणून त्यांना पुरताही येईना. तिन्ही पिल्लं हळदीच्या पानात गुंडाळली आणि सावित्रीच्या पाण्यात सोडून आलो. परत आलो तर पाखरू चोचीत अळी घेऊन वाफाभर हिंडत होतं. या गड्ड्यावरून त्या गड्ड्यावर. दिवसभर ते तेच करत होतं आणि खिडकीतून ते दिसत होतं.

पातोळे मी केले. संध्याकाळी बशी घेऊन तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "पिल्लं उडाली गो. तिन्ही. मी बघितली ना सकाळी."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे न उघडलेली पिल्लं उडत नाहीत हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं, आणि खोटं तर ती माझ्या पाठीवरूनही ओळखायची. मी वाट बघत बसलो. मनात म्हणत होतो, मार मला. ओरड. बशी भिरकाव. तिनं डावा हात उचलला तेव्हा मी गाल पुढे केला. तिनं तो हात माझ्या हातावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. मग तोंड उघडलं आणि मी दिलेला पातोळा गुपचूप खाल्ला. नंतर मी खाल्ला तेव्हा कळलं, तो आतून कच्चा होता.

त्यानंतर तिनं 'नाय' म्हटलं नाही. दूध पुढे केलं की पिऊन टाकायची. आठ दिवसांत पाखरानं जास्वंदीच्या पानाला नवे टाके घालायला घेतले, बोक्याला पुन्हा हाकलून लावलं, मलाही झापलं. मी तिची मान हळूच खिडकीकडे वळवली. ती थोडा वेळ तशीच राहिली आणि मग तोंड भिंतीकडे करून पडली. बाईंना मी फोन केला. त्या आल्या, हातपाय हलवून बघितले, आणि जाताना मला म्हणाल्या, "चिडवून बघा, काका. काहीही करा, पण चिडवा."

मी काय नाही केलं! तिला न आवडणाऱ्या बातम्या मोठ्यानं लावल्या. तिच्या पेजेत मीठ घातलंच नाही. तिच्या माहेरच्यांना नावं ठेवली, भावाला चोर म्हटलं, जे तिनं कधी एका वाक्यापुढे ऐकून घेतलं नव्हतं. ती ऐकत राहिली.

गणपतीला आठ दिवस होते तेव्हा ती गेली. आदल्या दुपारी मी विहिरीवरून आलो तो चिखलानं भरलेले पाय न धुता तिच्या खाटेवर, तिच्या धुतलेल्या गोधडीवर जाऊन बसलो. पाय नीट पसरून बसलो. गोधडीवर चिखल उतरला तो तिनं बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "बोल की गो," मी म्हटलं, "एकदा तरी बोल." तिनं डाव्या कोपरावर भार दिला आणि मोठ्या कष्टानं भिंतीकडे थोडी सरकली, मला बसायला जागा व्हावी म्हणून.